बेटेगाव ते नागपूर : विमानातला विकतचा चहा

बोईसर स्टेशनच्या पूर्वेला उतरून चिल्हार फाट्याच्या रस्त्याला लागले की बेटेगाव येते. पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत, तिच्याही पलीकडे समुद्राकाठी १९६९ पासून वीज देणारे अणुकेंद्र आणि पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. या दोन टोकांच्या मध्ये आमची वस्ती आहे. पहाटे पाचपासून शेअर रिक्षा स्टेशनकडे धावू लागतात. पहिल्या पाळीची माणसे डबा घेऊन निघतात, तेव्हा तिसऱ्या पाळीची डोळे चोळत परतत असतात. मूळचे येथले आदिवासी आणि शेतकरी बांधव; त्यांच्या शेजारी कारखान्याच्या भाकरीसाठी आलेले आम्ही लोक. कोणी अकोल्याचा, कोणी परभणीचा, कोणी जळगावचा, आणि अलीकडे उत्तर प्रदेश, बिहारचे पुष्कळ. एका चाळीत दहा खोल्या असतील तर पाच-सहा बोली सहज ऐकू येतात.

या वस्तीतली माणसे आता विमानाने जाऊ लागली आहेत. शहरातल्या पाहुण्यांना हे सांगितले की ते हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. कंत्राटी कामगाराला पाचशे रुपये रोज धरा. गावी कोणी वारले तर त्याने येथून दुपारी निघावे, मुंबईत जाऊन रात्रीची गाडी धरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचावे. येताना पुन्हा तेच. जाण्यायेण्यातच दोन खाडे पडतात. दोघे कमावते असतील तर चार. शिवाय कंत्राटदाराने परत कामावर घेतले तर घेतले! स्लीपरचे पाच-सहाशे रुपयांचे तिकीट स्वस्त खरे, पण त्याला खाड्यांचे पैसे जोडून पाहिले म्हणजे लवकर काढलेले विमानाचे तिकीट तितकेसे महाग वाटत नाही. आमच्या शेजारचा पाटण्याकडचा मुलगा वडिलांच्या आजारपणात असाच गेला. चप्पल घालून गेला आणि तिसऱ्या दिवशी पाळीवर हजर झाला.

हे शक्य कशामुळे झाले, हे आमच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे. कारण ज्या चहाबद्दल आपण कुरकुर करतो, तो चहाच या तिकिटाच्या मुळाशी आहे.

१९५३ साली देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत प्रवास इंडियन एअरलाइन्सकडे आला. तो प्रवास साहेब लोकांचा होता. चढल्यावर गोळ्या मिळत, पुढे ट्रेमधून जेवण येई आणि त्या सगळ्याचे पैसे तिकिटातच धरलेले असत. १९९३ मध्ये जेट एअरवेज आली, तिनेही तीच रीत ठेवली. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने मात्र वेगळाच हिशेब मांडला. विमानात बसवू, वेळेवर पोहोचवू. खायला हवे असेल तर विकत घ्या. २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो त्याच वाटेने आल्या. पुढे एअर डेक्कन किंगफिशरमध्ये गेली, किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट २०१९ मध्ये, गोएअरही २०२३ मध्ये थांबली. रीत मात्र टिकली. आज देशात विमानाने फिरणाऱ्या दर दहा प्रवाशांपैकी सहा जण एकट्या इंडिगोने जातात, म्हणजे खाणे विकत घेणे हीच आता सर्वसाधारण गोष्ट झाली आहे.

गेल्या वर्षी नागपूरला मावसबहिणीच्या मुलीचे लग्न होते. तिकिटे चार महिने आधी काढली, त्यामुळे प्रत्येकी साडेतीन हजारांच्या आत पडली. आम्ही उभयता, धाकटी मुलगी आणि सत्तरी गाठलेल्या आमच्या मातोश्री असे चौघे निघालो. मातोश्रींचा जन्म अकोला जिल्ह्यातला. वडील येथे रंगाच्या कारखान्यात लागले, तेव्हा त्या बेटेगावला आल्या. बोली मात्र अजून वऱ्हाडीच आहे. त्यांनी आयुष्यात विमान पाहिले ते रात्री अंगणातून, लुकलुकत जाणाऱ्या दिव्याच्या रूपाने.

बेटेगावहून विमानतळ गाठणे हाच मोठा प्रवास आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, पण जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. रिक्षाने बोईसर, तेथून डहाणू लोकल. ही लोकल २०१३ मध्ये सुरू झाली आणि आमच्यासाठी मुंबई जवळ आली. त्याआधी विरारला गाडी बदलावी लागे. लोकल अंधेरीपर्यंत. अंधेरीला मेट्रो, मरोळ नाक्याला दुसरी मेट्रो, आणि एका स्थानकानंतर छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचे दुसरे टर्मिनल. आकाशात दीड तास आणि जमिनीवर चार तास असा हा हिशेब!

या चार तासांत खाण्याच्या वस्तूंचे भाव कसे चढत जातात, ते पाहण्यासारखे आहे. बेटेगावच्या नाक्यावर चहा दहा रुपये. बोईसर स्टेशनबाहेर वडापाव पंधरा-वीस. रेल्वेच्या फलाटावर रेल नीरची बाटली कालपर्यंत पंधराची होती, सप्टेंबर २०२५ पासून ती चौदाला झाली. अंधेरीला स्टेशनबाहेर अजून आपल्या आवाक्यातले दिवस असतात. विमानतळाच्या काचेच्या दारातून आत गेले की तोच चहा शंभरी ओलांडतो. सौ.ने एका दुकानावरचा फलक वाचला, पर्स बंद केली आणि मुलीला म्हणाली, “चल, पाण्याचा नळ शोधू.” सुरक्षा तपासणीच्या पलीकडे प्यायच्या पाण्याचे नळ असतात. रिकामी बाटली बरोबर ठेवावी आणि तेथे भरून घ्यावी.

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर आणि त्यानंतर चेन्नईला सरकारने ‘उडान यात्री कॅफे’ काढले. तेथे चहा दहा रुपयांना, पाणी दहा रुपयांना आणि समोसा वीस रुपयांना ठेवला. म्हणजे विमानतळावर दहा रुपयांत चहा देता येतो, हे सिद्ध झाले. असे कॅफे सगळीकडे का नसावेत, हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारण्याजोगा आहे. पालघरच्या सभांत हा विषय अजून तरी आम्ही ऐकलेला नाही.

विमान उडाले. मातोश्रींना खिडकीची जागा मिळाली होती. त्या पहिली दहा मिनिटे नातीचा हात घट्ट धरून होत्या, मग खाली ढग दिसू लागल्यावर हात सुटला. थोड्या वेळाने दोन मुली ढकलगाडी घेऊन आल्या. सँडविच, काजू, गरम पाणी ओतून तयार होणारे नूडल्स आणि उपमा, चहा, कॉफी. चहाचा कप दीडशेच्या आसपास. आमच्या रांगेत पलीकडे बसलेल्या साहेबांना त्यांनी नाव विचारले आणि पैसे न घेता सँडविच व पेय दिले. चौकशी करता कळले की त्यांच्या कंपनीने काढलेल्या तिकिटात खाणे धरलेले होते. ज्याचे तिकीट कंपनी काढते त्याच्या पुढ्यात सँडविच येते आणि ज्याने पोटाला चिमटा काढून तिकीट काढले त्याने खिसा चाचपायचा! हे कायद्याला धरून आहे, आम्ही त्याबद्दल तक्रार करीत नाही. पण डोळ्यांना दिसते ते दिसतेच.

मातोश्रींचे ओठ सुकले होते. आम्ही विचारले, “आई, पाणी घेतेस का?” त्या खिडकीबाहेरच बघत म्हणाल्या, “राहू दे रे बापू, मले नाही लागली तहान.” सौ. हळूच म्हणाली, “अहो, त्यांना पैशांचं वाटतंय. विचारा ना.” बाटली भरून घेतली होती, ती वरच्या कप्प्यातल्या पिशवीत राहिली होती आणि पट्टे सोडण्याची परवानगी नव्हती. मातोश्री पुन्हा म्हणाल्या, “पानी बी इकतच असन.” गाडीवरून विक्रीच्या वस्तूंची नावे मोठ्याने सांगितली जात होती, पाणी फुकट मिळते हे कोणीही सांगितले नाही. आम्ही मुलीला थांबवून प्यायचे पाणी मागितले. तिने कागदी पेला भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मातोश्री एक पेला प्याल्या, मग दुसरा.

बंधू-भगिनींनो, ही त्या मुलीची मेहेरबानी नव्हती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१३ साली एक परिपत्रक काढून कोणत्या सेवांचे वेगळे पैसे घेता येतील ते ठरवून दिले. आवडीची जागा, चेक-इनचे सामान, खेळाचे साहित्य, वाद्ये अशी ती यादी आहे. खाणे आणि पेये त्या यादीत आहेत, परंतु प्यायचे पाणी त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. बाटलीबंद पाणी हवे असेल तर कंपनी ते विकू शकते. तहान लागलेल्या प्रवाशाला पेलाभर पाणी मात्र तिला द्यावेच लागते. याच नियमात दुसरीही एक गोष्ट आहे. जादा सेवा प्रवाशाने स्वतः मागितली तरच तिचे पैसे लावायचे, आधीच लावून ठेवून ‘नको असेल तर काढा’ असे करायचे नाही. मोबाइलवर तिकीट काढताना जेवणाच्या चौकोनात आपोआप खूण पडलेली दिसली तर ती बिनधास्त काढून टाकावी.

मातोश्री पाणी का मागत नव्हत्या, ते रात्री नागपूरला पोहोचल्यावर मावशीपाशी बोलताना उलगडले. पैशाचे कारण होतेच. पण त्यांच्या लहानपणी गावात पाणी मागायचे म्हणजे ओंजळ धरून उभे राहायचे आणि कोणी वरून ओतील तेव्हा प्यायचे. ओतणारी बाई घाईत असेल तर अर्धे पाणी कोपरावरून खाली जाई. “तवापासून मागाचं म्हटलं का जीभच वळत नाही,” असे त्या मावशीला सांगत होत्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. मातोश्रींचे हे बालपण त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांचे. तळे खुले झाले तरी हात पुढे करताना थांबणारी माणसे आपल्या घरांत अजून आहेत. म्हणून म्हाताऱ्या माणसांना बरोबर नेणाऱ्यांनी त्यांच्यासाठी पाणी आपणच मागावे. त्यांच्या ‘नको’वर विसंबू नये.

आता थोडा हिशेब. आम्ही वाणिज्य शाखेचे आणि नोकरीही कारकुनाची, त्यामुळे तिकीट हातात आले की बेरीज-वजाबाकी सुरू होते. तिकिटात जेवण धरलेले असेल तर पैसे सगळ्यांनीच द्यायचे, उपाशी बसलेल्यानेही. ते काढून टाकले की जो खात नाही त्याला खाणाऱ्याचा भार नाही. येथवर आम्हाला हा मार्ग न्यायाचा वाटतो. शिवाय जेवण म्हणजे केवळ अन्न नव्हे. ते शिजवायचे, गाडीने विमानापर्यंत आणायचे, त्याचे वजन वाहायचे, ट्रे गोळा करायचे, विमान झाडायचे. विमान जमिनीवर जितका वेळ उभे राहील तितका कंपनीचा तोटा. स्वस्त कंपन्या अर्ध्या तासात विमान रिकामे करून, भरून, पुन्हा उडवू पाहतात. नागपूरच्या उड्डाणात चढण-उतरण सोडली तर तासभरही नीट हाती राहत नाही. तेवढ्यात चार मुलींनी एकशे ऐंशी माणसांना ताट वाढायचे आणि उचलायचे, हे लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यालाही जमायचे नाही.

हिशेबाची दुसरी बाजू वेगळी आहे. बाजारात चहा महाग वाटला तर आपण पुढच्या टपरीवर जातो. आकाशात पुढची टपरी नाही. गिऱ्हाईक पट्ट्याने बांधलेले आणि दुकान एकच, अशा ठिकाणी जो भाव लागतो त्याला बाजारभाव म्हणता येत नाही. आमच्या तारापूरच्या कामगारांना हे चटकन कळेल. कारखान्याच्या फाटकाच्या आत अडकलेल्या माणसाला बाहेरच्या भावाने खायला लावू नये, म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली आणि पाण्याची सोय तर सर्वच कारखान्यांना बंधनकारक केली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कँटीनसाठीची ही संख्या शंभरावर आली असून तीत कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. प्रत्यक्षात किती कँटीन चालतात हा निराळा विषय, त्यावर एकदा सवडीने लिहू. विमानातल्या चहाच्या भावाला मात्र अशी वेसण कोणी घातलेली नाही.

विमानात खाणे विकण्याची ही कल्पना कोणा आजच्या व्यापाऱ्याची आहे असे समजू नये. विमानातले पहिले जेवणच विकतचे होते. ११ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडन-पॅरिस उड्डाणात हँडली पेज या कंपनीने डब्यात भरलेले जेवण दिले, त्याची किंमत तीन शिलिंग होती. फुकटची ताटे नंतर आली, ती श्रीमंत गिऱ्हाईक ओढण्यासाठी. अमेरिकन एअरलाइन्सने १९८७ च्या सुमारास सॅलडमधले एक ऑलिव्ह फळ कमी करून वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवले, अशी गोष्ट त्या धंद्यात नेहमी सांगतात. एका फळाची ती किंमत! ब्रिटिश एअरवेजसारख्या नामांकित कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये जवळच्या उड्डाणांतले साध्या वर्गाचे फुकट खाणे बंद केले आणि सँडविच विकायला काढले. तेथले प्रवासी चार वर्षे नाराज राहिले. २०२१ मध्ये कंपनीने पाण्याची बाटली आणि छोटासा खाऊ पुन्हा फुकट सुरू केला. कुरकुर केल्याने थोडेफार मिळते, असे यावरून दिसते.

फुकट मिळणाऱ्या जेवणालाही अटी असत, हे आपल्या लोकांनी विसरू नये. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा २०१६ च्या आरंभापासून तिने तासा-दीड तासाच्या उड्डाणांत साध्या वर्गाला फक्त शाकाहारी जेवण ठेवले. जुलै २०१७ मध्ये देशांतर्गत सर्वच उड्डाणांत साध्या वर्गाचे मांसाहारी जेवण बंद केले. कारण खर्चाचे आणि नासाडीचे सांगितले गेले. पुढच्या महागड्या वर्गात मात्र ते चालू राहिले. खर्च वाचवायचा तर साध्या प्रवाशाच्याच ताटातली अंडी-कोंबडी काढायची, हा न्याय आम्हाला तेव्हाही पटला नाही. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली आणि ऑक्टोबर २०२२ च्या नव्या यादीत मांसाहार परत आला. विकतच्या खाण्यात निदान एवढे बरे असते की चिकन सँडविच मागणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाही.

आम्ही काही विकत घेतले नाही. मातोश्रींनी पहाटे उठून ज्वारीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, आणि डहाणू-घोलवडचे चिकू होते. या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. विमानात घरचे खाणे न्यायला बंदी नाही, हे अनेकांना माहीत नसते. चित्रपटगृहांची गोष्ट निराळी. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बाहेरचे खाणे अडवण्याची मुभा दिली, पण प्यायचे पाणी फुकट दिलेच पाहिजे असेही बजावले. विमानात पोळी-भाजी, धपाटे, चिवडा, फळे हे सगळे चालते. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र नेऊ नये. तिच्यातल्या तेलामुळे ती पेट घेऊ शकते म्हणून अडवतात. मावशीसाठी बोईसरच्या बाजारातून घेतलेले सुके बोंबील आम्ही तीन पिशव्यांत गुंडाळून, डब्यात बंद करून खालच्या सामानात दिले होते. मावशीच्या हाती ते सुखरूप पडले आणि आमच्या कपड्यांनाही वास लागला नाही, हे सौ.च्या बांधणीचे यश.

डबा उघडताना मुलगी कानात म्हणाली, “बाबा, सगळे बघतील ना?” बारावीची मुलगी, तिला असे वाटणे साहजिक आहे. खाण्यावरून माणूस ओळखण्याची खोड आपल्या देशात जुनी आहे, आणि शाळेत डब्याच्या वासावरून नावे ठेवून घेतलेली पिढी आमचीही होती. सौ.ने काही उपदेश केला नाही. तिने धपाट्याचे चार तुकडे केले, कागदावर ठेवले आणि एक तुकडा मधल्या जागेवरच्या अनोळखी मुलाला दिला. तो नागपूरला नोकरीच्या परीक्षेसाठी चालला होता आणि सकाळपासून उपाशी होता. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि चटणी कशी करतात ते विचारले. मुलीने मग आपला तुकडा पुढे ओढला.

उशिराचा नियम तर सर्वांनी पाठ करावा असा आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना कंपनीने जेवण आणि अल्पोपाहार फुकट द्यायचा असतो, मग तिकीट कितीही स्वस्त असो. त्याहून लांबच्या उड्डाणांना तीन किंवा चार तासांची अट आहे. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी निवड प्रवाशाची. जानेवारी २०२४ मध्ये इंडिगोचे गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवले गेले. कित्येक तास ताटकळलेले प्रवासी विमानातून उतरून तेथेच धावपट्टीलगतच्या जमिनीवर बसून जेवले. ती चित्रे देशभर पाहिली गेली. विमान सुरक्षा खात्याने त्यावरून इंडिगोला एक कोटी वीस लाखांचा आणि मुंबई विमानतळाला साठ लाखांचा दंड केला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर याच कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर माणसे सामानावर डोके टेकून झोपली. अशा वेळी खिडकीपाशी आरडाओरडा करण्यापेक्षा नियमाचे नाव घेऊन लेखी मागावे. आम्ही संघटनेच्या कामात पाहिले आहे, कागद पुढे केला की साहेबाचा आवाज खाली येतो.

लहान मुले असलेल्यांसाठी आणखी एक. एप्रिल २०२४ पासून बारा वर्षांखालील मुलाला आई-वडिलांपैकी एकाजवळ बसवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. शेजारची जागा हवी म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर ते देण्याआधी ही गोष्ट सांगावी.

विमान नागपूरला सोनेगावला उतरले. इमारतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव दिसताच मातोश्री पायऱ्यांवरच थांबल्या आणि मागची रांग थांबली. कोणी घाई केली नाही. बाहेर आलो तर मेहुणे रिक्षा घेऊन उभे होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, “विमानात काय काय दिलं खायला?” मातोश्री म्हणाल्या, “पानी.”

परतल्यावर आम्ही पाण्याचा नियम, उशिराचा नियम आणि मुलांच्या जागेचा नियम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वस्तीतल्या विहाराच्या फलकावर लावला. पाटण्याकडच्या मुलाने त्याखाली तेच हिंदीत लिहून दिले. बोईसरच्या पूर्वेला बुलेट ट्रेनचे स्थानक व्हायचे आहे, तीत चहा विकतचा असणार की तिकिटात, असा प्रश्न एका तरुणाने पेन्सिलीने त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. येत्या मे महिन्यात वस्तीतली तीन कुटुंबे लग्नासाठी औरंगाबादकडे आणि नागपूरला जाणार आहेत. त्यांतल्या एका वहिनींनी परवा विचारले की सुकटीची चटणी डब्यात नेली तर चालेल का. आम्ही त्यांना सौ.कडे पाठवले आहे.